निळा चेहरा, काळे दात आणि फोनमधलं एक बटण: 'उलट्या रंगांची' चित्रं नेमकी काढतात कशी?

रील्स बघता बघता असा एक व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. टेबलावर एक कागद आहे. त्यावर एक चेहरा काढलाय, पण तो निळा आहे. केस पांढरेफटक, दात काळे, डोळ्यांतल्या बाहुलीच्या जागी पांढरे ठिपके. बघून जरा दचकायलाच होतं. मग चित्रकार फोनमधली एक सेटिंग चालू करतो, कॅमेरा कागदावर धरतो आणि स्क्रीनवर हसणारा, गव्हाळ रंगाचा, काळ्या केसांचा अगदी साधा माणूस दिसायला लागतो.

खाली कमेंट्समध्ये दोन गट पडलेले असतात. एक म्हणतो, "कसं काय जमतं यांना!" दुसरा म्हणतो, "फेक आहे, फिल्टर आहे."

खरं तर यात जादू नाही आणि फिल्टरची करामतही फारशी नाही. फोन जे करतो ती प्राथमिक शाळेतली वजाबाकी आहे. अवघड काम असतं हाताचं, आणि त्याहून जास्त डोळ्यांचं. हे नेमकं काय प्रकरण आहे, घरातल्या रंगीत पेन्सिलींनी ते करता येतं का आणि व्हिडिओ खरा की बनावट हे कसं ओळखायचं, ते समजून घेऊया.

फोन नेमकं काय करतो?

फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, तीन रंगांच्या प्रकाशातून तयार होतो: लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक रंगाला साधारणपणे ० ते २५५ यांमधला एक आकडा दिलेला असतो. ० म्हणजे तो प्रकाश बंद, २५५ म्हणजे पूर्ण चालू. तिन्ही ० असतील तर काळा दिसतो, तिन्ही २५५ असतील तर पांढरा.

रंग उलटे करताना सॉफ्टवेअर प्रत्येक आकडा २५५ मधून वजा करतं. बस्स, एवढंच.

समजा, गव्हाळ कांतीच्या एका ठिपक्याचे आकडे आहेत लाल १९८, हिरवा १३४, निळा ६६. वजाबाकी केली की उरतात लाल ५७, हिरवा १२१, निळा १८९. हा झाला चक्क निळा रंग. म्हणून त्या चित्रातला चेहरा निळा असतो. आता तोच निळा पुन्हा २५५ मधून वजा करा, मूळ कांती परत मिळते. दोनदा उलटं केलं की सुलटं होतं. चित्रकार पहिली उलटापालट हाताने करतो, दुसरी फोनकडून करून घेतो. सगळा खेळ एवढाच आहे.

यातून एक मजेशीर गोष्टही निघते. बरोबर मधला राखाडी, म्हणजे तिन्ही आकडे १२८, उलटा केला की १२७ होतो. तो जवळजवळ बदलतच नाही.

शाळेतलं रंगचक्र इथे गंडवतं

एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिलेल्यांना रंगचक्र आठवत असेल. लालच्या समोर हिरवा, निळ्याच्या समोर नारिंगी, पिवळ्याच्या समोर जांभळा. हे विरोधी रंग आपल्या डोक्यात पक्के बसलेले असतात. त्यामुळे पहिल्यांदा असं चित्र काढणारा माणूस टोमॅटो लाल दिसावा म्हणून कागदावर तो पानासारखा हिरवा रंगवतो. फोनमधून बघतो तर टोमॅटो जांभळट गुलाबी!

कारण शाळेतलं चक्र रंगद्रव्यांच्या मिश्रणाचं आहे आणि फोनचा हिशेब प्रकाशाचा आहे. फोनच्या जोड्या अशा आहेत:

- लाल आणि आकाशीकडे झुकणारा मोरपंखी
- हिरवा आणि राणी कलर
- निळा आणि पिवळा
- काळा आणि पांढरा

म्हणजे हळदीसाठी गडद निळा, कुंकवासाठी फिका मोरपंखी, झेंडूच्या नारिंगीसाठी निळा आणि हिरव्या चुड्यासाठी गुलाबी.

डोळे इतके का गोंधळतात?

फोटोची निगेटिव्ह हातात धरून "हा कोण?" असं ओळखायचा प्रयत्न कधी केलाय? अगदी घरातला माणूस असला तरी पटकन ओळखू येत नाही. नाक, डोळे, ओठ सगळं जागच्या जागी असतं, तरी चेहरा परका वाटतो. मानवी दृष्टीचा अभ्यास करणाऱ्यांनी यावर अनेक प्रयोग केलेत.

चेहरा बघताना आपण फक्त आकार बघत नाही. उजेड-अंधाराचे काही ठरलेले संबंध मेंदू गृहीत धरतो. उदाहरणार्थ, डोळ्यांच्या खोबण्या कपाळापेक्षा आणि गालांपेक्षा गडद असतात. हा संबंध उलटा झाला की मेंदूचा अंदाज कोसळतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, ज्यात शास्त्रज्ञ पवन सिन्हा यांचा सहभाग होता, असं दिसलं की निगेटिव्ह चेहऱ्यात फक्त डोळ्यांच्या आसपासचा भाग सुलटा केला, तरी लोकांना चेहरा ओळखणं बरंच सोपं जातं.

रंगांचा गोंधळ तर डोळा स्वतःही घालतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं ते चित्र आठवतंय? "नाकावरच्या ठिपक्याकडे ३० सेकंद टक लावून बघा, मग पांढऱ्या भिंतीकडे बघून पापण्या मिचकवा." आणि भिंतीवर चेहरा उमटतो. तिथे कुठलंही ॲप नसतं. एकाच रंगाकडे बघून डोळ्यातल्या त्या रंगाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी शिणतात, मग पांढरी भिंत बघताना विरुद्ध रंगाचं पारडं जड होतं. म्हणजे रंग उलटे करायची छोटीशी सोय आपल्या डोळ्यातही आहे, फक्त ती काही सेकंदच टिकते.

हे काम इन्स्टाग्रामच्या कितीतरी आधीचं आहे

ऑगस्ट १८३५ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट यांनी आपल्या लॅकॉक ॲबी या घराच्या जाळीदार खिडकीचं एक चिमुकलं चित्र कॅमेऱ्याने कागदावर टिपलं. ती आज उपलब्ध असलेली कॅमेऱ्याची सर्वांत जुनी निगेटिव्ह मानली जाते. उजेडाची जागा काळी आणि काळोखाची पांढरी. पुढे १८४० मध्ये शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी अशा चित्रांसाठी 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हे शब्द वापरले आणि ते रूढ झाले.

त्यानंतर लवकरच चित्रकारांनाही यात गंमत वाटायला लागली. फ्रान्समध्ये १८५० च्या दशकात कामिय कोरो यांच्यासारख्या नामवंत चित्रकारांनी काचेवर गडद लेप देऊन त्यावर टोकदार सळईने चित्रं कोरली. कोरलेल्या रेषांतून उजेड आरपार जाई आणि खाली ठेवलेल्या फोटोच्या कागदावर त्याच रेषा काळ्या उमटत. म्हणजे हाताने काढलेली निगेटिव्हच. या तंत्राला 'क्लिशे-व्हेर' म्हणतात.

आणि जुन्या फोटो स्टुडिओतले रिटचिंग करणारे कारागीर तर रोज हेच करायचे. चेहऱ्यावरची सुरकुती फोटोत दिसू नये म्हणून ते निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने अगदी बारीक काम करत. निगेटिव्हवर पेन्सिल लागली की तिथून कमी उजेड जाई आणि छापलेल्या फोटोत ती जागा उजळ होई. काळं लावून गोरं करायचं! उलटा विचार करणारा हात हीच त्यांची कला होती. आज रील करणारा चित्रकार त्याच वाटेवर आहे, त्याच्याकडे फक्त डार्करूमऐवजी फोन आहे.

आता प्रत्यक्ष काढायचं कसं?

साहित्य घरातलंच आहे: जाड पांढरा कागद, रंगीत पेन्सिली, एक चांगली काळी पेन्सिल आणि फोन.

१. आधी रंगांचा तक्ता करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग फसतात. तुमच्याकडच्या प्रत्येक पेन्सिलीचा एक चौकोन कागदावर रंगवा, शेजारी तिचा नंबर लिहा. अर्धा चौकोन दाबून, अर्धा हलक्या हाताने. त्याचा फोटो काढून रंग उलटे करा. कोणती पेन्सिल उलटल्यावर काय होते, हे तुम्हाला कायमचं कळेल. हा तक्ता कुठल्याही रंगचक्रापेक्षा जास्त खरा, कारण तो तुमच्या पेन्सिली, तुमचा कागद आणि तुमचा फोन यांच्यावर बेतलेला आहे.

२. फोटो निवडताना उजेड-सावली स्पष्ट असलेला घ्या. खिडकीजवळ बसलेल्या माणसाचा फोटो उत्तम. समोरून फ्लॅश मारलेला नको.

३. कसं काढायचं ते ठरवा. फोटो आधी सॉफ्टवेअरमध्ये उलटा करून तो समोर ठेवून जसाच्या तसा काढायचा, ही सोपी पद्धत. साधा फोटो समोर ठेवून प्रत्येक रंग मनातल्या मनात उलटा करायचा, ही अवघड. सुरुवात सोपीनेच करा, त्यात कमीपणा काही नाही.

४. बाह्यरेषा साध्या पेन्सिलीने गडद काढू नका. कागदावरची काळी रेघ उलटल्यावर पांढरी होते आणि चेहऱ्याभोवती खडूने आखल्यासारखी दिसते. फिक्या निळ्या पेन्सिलीने हलकी रेषा काढा.

५. सगळ्यात गडद जागा आधी रंगवा. कारण त्याच पुढे सगळ्यात उजळ दिसणार आहेत. इथे शिसपेन्सिल वापरू नका. ती चकाकते, फोटोत राखाडी येते आणि उलटल्यावर पांढरा मळकट दिसतो. काळी रंगीत पेन्सिल, कोळसा किंवा काळी शाई चांगली.

६. मध्ये मध्ये फोनमधून बघा, पण सारखं नको. सतत फोनकडे बघून काढलं तर डोळ्यांना सवयच लागत नाही.

चेहऱ्याचा हिशेब

चेहरा काढायचा असेल तर हे लक्षात ठेवा:

- काळे केस: जवळजवळ कोरा कागद. फक्त केसांवरची चमक गडद रेघांनी दाखवायची.
- आजीचे पांढरे केस: इथे मेहनत आहे. सगळं काळ्या-राखाडीने भरावं लागतं.
- बाहुली: पांढरी सोडायची. त्यातला चमकणारा ठिपका मात्र काळाकुट्ट. हा एक ठिपका चुकला तर डोळा निर्जीव दिसतो.
- डोळ्यांचा पांढरा भाग आणि दात: गडद राखाडी, पूर्ण काळे नाहीत. खरे दात तरी कुठे पूर्ण पांढरे असतात?
- त्वचा: उजेडातला गाल गडद निळा, सावलीतला फिका निळा. इथेच हात सर्वाधिक चुकतो. सावली आली की गडद करायचं, ही सवय आपल्या बोटांत मुरलेली असते.
- ओठ: करडा मोरपंखी. सवयीने गुलाबी दिले तर फोनमध्ये ओठ हिरवे दिसतात.
- नथीतले मोती: काळे, आणि त्यांची सावली पांढरी.

पार्श्वभूमीचाही विचार आधी करा. कोरा कागद उलटल्यावर काळा होतो, त्यामुळे माणूस अंधारात उभा असल्यासारखा दिसतो. पांढरी पार्श्वभूमी हवी असेल तर सरळ काळा कागद घ्या आणि पांढऱ्या पेन्सिलीने काढा. फळ्यावर खडूने काढलेलं चित्र आठवा, तेच तत्त्व. फळ्याचा फोटो उलटा केला की पांढऱ्या कागदावर काळ्या पेन्सिलीने काढल्यासारखं दिसतं.

फोटो काढताना होणारी फजिती

चित्र छान झालं, पण उलटल्यावर सगळं निळसर आणि धुरकट दिसतंय? बहुतेक वेळा दोष चित्राचा नसतो, दिव्याचा असतो. पिवळ्या बल्बखाली फोटो काढला की कागद पिवळसर येतो आणि पिवळ्याचं उलट निळं. दिवसा, खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी फोटो काढा. उलटं करण्याआधी ब्राइटनेस आणि व्हाइट बॅलन्स जुळवून कागद खरोखर पांढरा दिसेल असं करा. तरच पार्श्वभूमी खरी काळी होईल.

सावलीकडेही लक्ष ठेवा. फोनची किंवा हाताची सावली कागदावर पडली, तर उलटल्यावर ती प्रकाशाचा डाग बनते. खोडरबरचे काळपट कण राहिले तर अंधारात चांदण्या पडल्यासारख्या दिसतात.

उलटं कुठे करायचं? फोटोशॉपमध्ये आणि क्रिटामध्ये कंट्रोल आणि आय ही बटणं एकदम दाबा. गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'कलर्स' मेन्यूत 'इन्व्हर्ट' आहे. त्याच्याच जवळ 'व्हॅल्यू इन्व्हर्ट' दिसेल, ते घेऊ नका. त्यात उजेड-अंधार उलटतो, पण रंग तोच राहतो. फोनमधल्या ज्या ॲपमध्ये 'कर्व्हज' आहे, तिथे तिरक्या रेषेचं डावं टोक वर आणि उजवं टोक खाली ओढलं की तोच परिणाम मिळतो.

थेट बघायचं असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' उघडा. अँड्रॉइडमध्ये 'कलर इन्व्हर्जन' असतं. आयफोनमध्ये 'क्लासिक इन्व्हर्ट' निवडा. 'स्मार्ट इन्व्हर्ट' फोटोंना हात लावत नाही, त्यामुळे अनेकांना वाटतं की आपल्या फोनमध्ये हे चालतच नाही. ही सोय मुळात कमी दिसणाऱ्या किंवा प्रखर उजेडाचा त्रास होणाऱ्या लोकांसाठी केलेली आहे, चित्रकारांनी ती उसनी घेतली. आणि हो, या सेटिंगमध्ये स्क्रीनशॉट काढला तर तो बहुतेक वेळा मूळ रंगांतच सेव्ह होतो. मित्राला पाठवायचं असेल तर फोटो ॲपमध्येच उलटा करा.

मग व्हिडिओ खरा की फेक?

एक सोपी खूण आहे: चित्राकडे नको, हाताकडे बघा.

रंग उलटे करणारं सॉफ्टवेअर भेदभाव करत नाही. चित्र सुलटं झालं की शेजारचा हात निळा व्हायला हवा, टेबलाचा तपकिरी रंग निळसर आणि पांढरा कागद काळा. चित्रातला माणूस नॉर्मल दिसतोय आणि तो काढणारा हातही नॉर्मल दिसतोय, असं एकाच वेळी घडत असेल तर चित्र आणि बाकीची फ्रेम वेगवेगळी एडिट केलेली आहे.

दुसरी खूण म्हणजे अती परिपूर्णता. कागदावरचा काळा कधीच पूर्ण काळा नसतो. समजा, फोटोत त्याचे आकडे ४०-४० आले, तर उलटल्यावर मिळतात २१५-२१५, म्हणजे किंचित राखाडी पांढरा. हाताने काढलेल्या चित्रात दात, डोळ्यांतली चमक थोडी मंद दिसतेच. पेन्सिलीच्या साध्या चित्रात दूधासारखं स्वच्छ पांढरं दिसलं, तर रंग नंतर सुधारलेत असं समजा. अर्थात या खुणा संशय घ्यायला पुरेशा आहेत, कुणावर आरोप करायला नाहीत.

पण हे सगळं करायचं कशाला?

रीलला व्ह्यूज मिळतात, हे एक कारण आहेच. पण चित्रकला शिकणाऱ्यांसाठी यात खरा फायदा आहे.

आपण चित्र काढताना समोर दिसतं ते कमी आणि आपल्याला माहीत असतं ते जास्त काढतो. दात पांढरे, ओठ गुलाबी, केस काळे. हे रंग डोळ्यांनी बघून ठरवलेले नसतात, सवयीने आलेले असतात. बेटी एडवर्ड्स यांच्या १९७९ सालच्या गाजलेल्या पुस्तकात फोटो किंवा चित्र उलटं, म्हणजे डोकं खाली करून, नक्कल करण्याचा एक सराव आहे. उलटं ठेवलं की 'हे नाक आहे' हे मन विसरतं आणि हात फक्त रेषा बघतो. रंग उलटे करणं हा त्याचाच भाऊ. निळ्या गालाबद्दल आपली कुठलीच सवय नसते. त्यामुळे इथे किती गडद, तिथे किती फिकं, हे बघावंच लागतं.

म्हणून "माझा हात चांगला नाही" असं म्हणणाऱ्यांनीही हे करून बघावं. सुरुवात चेहऱ्याने करू नका. स्वयंपाकघरातून एक टोमॅटो आणा, खिडकीत ठेवा. अंग मोरपंखी, देठ गुलाबी, वरची चमक काळी. अर्ध्या तासाचं काम आहे. मग फोन उलट्या रंगांवर टाकून कागदावर धरा.

टोमॅटो लाल दिसला तर उत्तम. जांभळा दिसला तर आपला रंगांचा तक्ता पुन्हा उघडा आणि मोरपंखी पेन्सिल कुठे चुकली ते बघा. आणि फोनची सेटिंग परत बंद करायला विसरू नका, नाहीतर पुढचा व्हिडिओ कॉल घरच्यांना निळ्या चेहऱ्याने बघत बसाल!